बिनफोडणीचं वरण

"कोण आल्यात?"

आजारी पोराच्या दारात उभी राहून ती एवढंच विचारायची. तुम्ही-आम्ही काय विचारतो? ताप किती आहे, औषध दिलं का, डॉक्टर काय म्हणाले. ती तसलं काही विचारायची नाही. चपला अंगणात सोडायची, पदर डोक्यावरून पुढे ओढायची आणि उंबऱ्याबाहेरूनच पोराच्या तोंडाकडे, मग कानामागे, मग छातीकडे टक लावून बघायची. घरात कोणी पाहुणी निजली आहे आणि तिची झोप मोडायला नको, अशा आवाजात मग तो प्रश्न यायचा.

उत्तरही तीच द्यायची. बारीक लाल पुरळ असलं की "धाकल्या बाई." पाण्याचे फोड असले की "थोरल्या बाई." म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेत गोवर आणि कांजिण्या. अशी एखादी म्हातारी तुम्हीही पाहिली असेल. फरक एवढाच, की तुमची ती कोणाच्या तरी गावाकडची असेल आणि माझी अगदी शेजारी राहायची. मी दवाखान्यात नर्स, पोरांना लशी टोचणारी. त्यात मूळची सटाण्याकडची, तोंडाने फटकळ. आमचं दोघींचं वाजणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं.

नाशिकला सातपूरच्या अलीकडे तेव्हा अजून मळे होते. तिच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती, बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. मळ्याला लागून तिच्या मुलाने भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या होत्या, त्यांत आम्ही कंपनीवाले राहायचो. माझे यजमान शिफ्टला. सगळी गल्ली तिला मोठी आई म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

बाई आल्या म्हणजे त्या घरात काय काय व्हायचं, सांगते. दाराला कडुलिंबाचा डहाळा. घरात कोणी दाढी करायची नाही, बायकांनी डोक्याला तेल लावायचं नाही. आणि मुख्य म्हणजे फोडणी बंद. तेलाचा चुरका कानावर पडला, मोहरीचा वास नाकात गेला की बाई रागावतात. म्हणून साधं वरण, भात, दही. आजारी पोरगं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, कारण बसलेल्या पाहुणीला कोणी उठवतं का? पुरळ मावळलं की कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, ओटी, आणि मगच निरोप.

तोवर त्या पोराशी सगळ्यांनी अहो-जाहो करायचं. पलीकडच्या खोलीतला पिंट्या तेव्हा बालवाडीत होता, गल्लीतला एक नंबरचा उपद्व्यापी. त्याला कांजिण्या झाल्या आणि मोठी आई त्याच्यासमोर हात जोडून बसली. "बाई, वाईच पेज घेता का?" पिंट्याला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याने त्याचा पुरता फायदा उठवला. जिलबी मागितली, आली. बापाने घोडा व्हावं म्हणाला, तर तो धिप्पाड फिटर माणूस फरशीवर ओणवा झाला. मी म्हटलं, मोठी आई, अहो मुलगा आहे तो, त्याला बाई काय म्हणता? तर माझ्याकडे दयेने बघून म्हणाली, "त्याला कुठं म्हणते? आत बसल्यात त्यांना म्हणते."

मला राग यायचा. कारण मी दवाखान्यात दुसरी बाजू बघत होते. गोवर येऊन गेला की पोरांची छाती भरायची, जुलाब लागायचे, आणि आई-बाप बाईंचा निरोप होईपर्यंत घरी बसून राहायचे. निरोप झाल्यावर आमच्याकडे यायचे. कधी कधी फार उशिरा यायचे.

म्हणून मी ठरवलं, हिलाच धरायचं. तिच्या अंगणात मोठा कडुलिंब होता, त्याच्या सावलीत टोचायला बसू द्या म्हटलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "त्या सुईत काय असतं?" मी नर्सबाईच्या तोऱ्यात समजावून सांगितलं, की गोवराचेच जंतू असतात, पण नरम केलेले. ते पोराला आजारी पाडत नाहीत, नुसती ओळख करून देतात, म्हणजे पुढे खरा गोवर आला तरी बाधत नाही. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी धाकल्या बाईच. पण गरीब सोभावाच्या." मी म्हटलं, तसं म्हणा. पोरं आणा म्हणजे झालं.

पोरं आली. ती स्वतः घरोघर जाऊन घेऊन आली, रडणाऱ्यांना हातात झेंडूचं फूल देऊन बसवलं. तिची पाळण्यातली नात, मनी, तिलाही त्याच दिवशी मीच टोचली. डबा बंद करून मी खुशीत घरी गेले. संध्याकाळी पहिल्या शिफ्टचे पुरुष परतले आणि गल्लीत कुरकुर सुरू झाली. एकाही घरात फोडणी नव्हती! जिथे जिथे सुई टोचली, तिथे तिथे बाई आल्या, असा मोठ्या आईने हिशेब लावला होता. सगळी गल्ली पांढरं वरण आणि भात खात बसली होती. टोचलेल्या तान्ह्या पोरांना त्यांच्या आज्या "बाई, निजा आता" म्हणत होत्या.

यजमानांनी मला विचारलं, तू लस टोचायला गेली होतीस की उपास वाटायला? मी तणतणत तिच्याकडे गेले. लशीला पथ्य नाही, फोडणीने काही होत नाही, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. ती शांतपणे झेंडूच्या माळा करत होती. म्हणाली, "तूच म्हणालीस, त्याच असत्यात. नरम असल्या म्हणून मान द्यायचा नाय व्हय?" ती तर पुरळ मावळायचे सगळे दिवस पाळायला निघाली होती. शेवटी आमचा तह झाला. ज्या दिवशी टोचायचं, त्या एका दिवसापुरती फोडणी बंद. यजमान म्हणाले, चला, एवढ्यावर भागलं.

हा हट्ट कुठून आला, ते मला पुढे एकदा कळलं. तिनेच सांगितलं, माळा ओवता ओवता, वर न बघता. ती नवी सून होती तेव्हाची गोष्ट. थोरल्या लेकाला धाकल्या बाई आल्या होत्या. पोर रांगत होतं. सासरा मळ्यातून आला, दोन-तीन दिवस पांढरं खाऊन कावला होता, म्हणाला, पोरी, जरा लसणाची फोडणी घाल वरणाला. सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? तिने घातली. पोराला त्याच दिवशी धाप लागली आणि दिवे लागायच्या आत ते गेलं. "चुरका ऐकला त्यांनी," ती म्हणाली.

छाती भरली असणार. न्यूमोनिया. मला ते तिथल्या तिथे कळलं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण माझ्यासारख्या फटकळ बाईलाही ते बोलवेना. फोडणीने गेलं नाही हे ऐकून तिला बरं वाटलं असतं, की दवाखान्यात नेलं असतं तर वाचलं असतं हे कळून आणखी वाईट? मला अजून ठरवता येत नाही.

मग पोलिओचे रविवार सुरू झाले. पोरं गोळा करायला पुन्हा तीच. थेंब पाजताना तिने विचारलं, "ह्यात कोण?" मी म्हटलं पोलिओ. "कशी दिसती?" मी म्हटलं, दिसत नाही, पायात जाऊन बसते. ती गोंधळली. संध्याकाळी मी मुद्दाम कानोसा घेतला, तर सगळीकडे फोडण्या चरचरत होत्या. हिला का सूट, म्हणून विचारलं तर म्हणाली, "हिची नि माझी ओळख नाय. ओळख नाय तिला पाट कसा मांडू?" मी घरी जाऊन यजमानांना सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

वर्षं गेली. गोवर कमी होत गेला. पूर्वी उन्हाळा लागला की गल्लीत दारोदार कडुलिंब दिसायचा. मग एखाद्याच दारी दिसायला लागला, मग कुठेच नाही. दवाखान्यात आम्ही खूश. मोठी आई मात्र कावरीबावरी झाली. अंगणात बसून मला विचारायची, "यंदा बी नाय आल्या?" मी म्हणायचे, नाही आल्या तेच बरं. ती म्हणायची, "पाहुणी येईनाशी झाली की आपलंच काय तरी चुकलेलं असतं." पोरं वाचताहेत याचा तिला आनंद नव्हता असं नाही हं! पिंट्या धडधाकट वाढला, मनी शाळेत पळत जायची, ते बघून तीच दृष्ट काढायची. पण तिला कोणी बोलावेना. दारात उभं राहून विचारायला प्रश्नच उरला नाही.

आणि मग दुसरंच सुरू झालं. शेजारचे मळे विकले गेले, तिथे इमारतींचे सांगाडे उभे राहिले. खड्ड्यांत पाणी, टाक्यांत पाणी, आणि नळाला दिवसाआड येणारं पाणी साठवायला प्रत्येक दारात निळा ड्रम. आता ताप यायचे, पण कसले ते धड कळायचं नाही. कधी टायफॉइड निघायचा, कधी कावीळ. आधी लहान पोरं आजारी पडायची, आता मिसरूड फुटलेली, क्लासला जाणारी पोरं पडायला लागली. डॉक्टर म्हणायचे, व्हायरल आहे. मोठ्या आईने मला विचारलं, व्हायरल म्हंजी कोण? मी म्हटलं, म्हणजे कोण ते कळलं नाही. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते.

मनी आठवीत होती. पावसाळा सरत आला होता. तिला कडकडून ताप भरला, डोळे दुखतात म्हणाली, अंग मोडून आलं. जवळच्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. मी त्या दिवसांत घोटीला होते, नणंदेकडे बाळंतपण होतं. परत आले त्या दुपारी बघते तो काय, मोठ्या आईच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा! इतक्या वर्षांनी.

आत गेले. ताप उतरला होता आणि मनीच्या अंगावर लाल पुरळ उठलं होतं. मोठी आई नवं लुगडं नेसून तिच्या उशाशी बसली होती. तोंडावर माहेरची माणसं आल्यासारखं समाधान. मला बघून म्हणाली, "धाकल्या बाई आल्यात. ताप बी उतरला बघ. निवाल्या."

मी मनीचा हात हातात घेतला. गार होता. पोटात दुखतं म्हणाली, सकाळपासून ओकत होती. ओठ उलटून पाहिला तर हिरडीतून रक्त. त्या पावसाळ्यात दवाखान्यात अशा मुली मी पाहिल्या होत्या. ताप उतरतो, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

मी तिच्या बापाला म्हटलं, रिक्षा आणा, मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ताच्या आत्ता. तो उठला आणि आईकडे बघून थांबला. मनीची आई भिंतीला टेकून नुसती रडत होती. मोठी आई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "बाई बसल्यात. उठवायच्या नाय. एकदा चूक केली मी."

मी म्हटलं, मोठी आई, गोवर नाही हा. हिला मीच टोचलंय, तुमच्या अंगणात, तुमच्यासमोर. मग थोरल्या असत्याल, ती म्हणाली. मी म्हटलं, फोड कुठे आहेत? दाखवा एक तरी. तिने मनीच्या हातावरून बोटं फिरवली, कानामागे बघितलं, छातीवर बघितलं. त्या क्षणी मला वाटलं, आता काहीतरी ठासून खोटं बोलावं, म्हणजे ही बाजूला होईल. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिने तोच प्रश्न विचारला. "मग कोण आल्यात?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं. "डेंग्यू असेल. तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण उशीर केला तर पोरगी हातची जाईल, एवढं माहीत आहे."

ती खाली बसली. मनीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिने हात जोडले. "बाई, तुमी कोण? सांगा मला. मी वळखलं नाय."

मनीने डोळे उघडले. "आजी, मी आहे ना," ती म्हणाली. "मनी."

मोठी आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. काय करतेय, आम्हाला कळेना. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. कढईत तेल पडलं. मोहरी तडतडली, मग लसूण, आणि असा चुरका उठला की सगळं घर त्या वासाने भरून गेलं. मनीच्या आईने तोंडात पदर कोंबला. मोठी आई कढई हातात धरून दारात आली. जिला जन्मभर अहो म्हटलं, ती आतून ऐकत असेलच असं समजून मोठ्याने म्हणाली, "ओळख ना देख, माझ्या पोरीत येऊन बसली व्हय? मी नाय तुला पाट मांडत. रागवायचं तर माझ्यावर रागव."

आणि मुलाला म्हणाली, "उचल तिला."

रिक्षात मनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या पदराला लसणाच्या फोडणीचा वास येत होता. दवाखान्यात डेंग्यू निघाला. एक दिवस फार वाईट गेला, मग हळूहळू पोरगी सावरली. मोठी आई दवाखान्यात आलीच नाही. मनीला घरी आणलं तेव्हा तिने ओटीचं सामान काढून ठेवलेलं होतं, पण निरोप कोणाला द्यायचा हे न कळून ते तसंच परत फडताळात ठेवलं.

तिने मला विचारलं, कोण होती? मी म्हटलं, डेंग्यू. डास चावून होतो. "डास तर माझ्या लग्नाच्या आधीपासून हायेत," ती म्हणाली. "मग हा आत्ताच का आला?" मी ड्रम, टाक्या, बांधकामं असं काहीतरी सांगत बसले. ती मान हलवत होती, पण तिला पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, सांगताना मलाही पुरतं पटत नव्हतं.

काही दिवसांनी तिची सून मला म्हणाली, आई आता फोडणीचं खात नाहीत. सगळ्यांना करून वाढतात, स्वतः पांढरं वरण घेतात. मी भांडायलाच गेले. म्हटलं, अहो, पोरगी वाचली, डॉक्टरांनी नाव सांगितलं, आता कसलं प्रायश्चित्त? ती कोपऱ्यात शेवंती निवडत बसली होती. म्हणाली, "तुझं डॉक्टर बरोबर असंल. पण ती बाईच असली तर? माझ्या घरी आली आणि मी तिला फोडणी ऐकवून हाकलली." एक फूल बाजूला ठेवत म्हणाली, "नसली तर नसली. वरण काय, तसं बी गोडच लागतं."

मी तिच्याशेजारी बसले. माझे डोळे भरून आले, ते तिने पाहिलं आणि माझ्या ओच्यात मूठभर शेवंती टाकली.

शेवटपर्यंत तिने तसंच खाल्लं. गेली ती थंडीत, झोपेतच, म्हातारपणाने. त्याआधीच उरलेला मळा विकला होता. पुढे अंगणही गेलं, कडुलिंब गेला. तिथे इमारत उभी राहिली आणि लशीचा दिवस आम्ही त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे टेबल लावून करू लागलो.

एका लशीच्या दिवशी मनी आली, थोरल्या भावाचं बाळ कडेवर घेऊन. आता कॉलेजात जात होती. बाळाची गोवराची लस होती. मी टोचली, ते किंचाळलं, मनीने त्याला थोपटून गप्प केलं. पुढचीला बोलवणार तेवढ्यात ती वाकून माझ्या कानाशी आली.

"मावशी," ती म्हणाली, "आज घरी फोडणी घालू ना?"

लशीला पथ्य नसतं, घाल खुशाल. हे वाक्य मी किती वर्षं, किती घरांत सांगत आले असेन! तेच ओठांवर होतं.

"आजच्या दिवस नको घालूस," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. बाळाच्या दंडाकडे जरा वेळ बघितलं, डोक्यावरचं टोपरं सारखं केलं आणि हळूच म्हणाली, "चला बाई, घरी चला."